रुमालाचा गुण

माझ्या धाकट्या बहिणीची वर गेलेली मान माझ्या रुमालाने खाली आली, असं आमच्या घरात आजही सांगतात. सांगणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मीच. ते खोटं आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. बहिणीचा खालचा जबडा लहानपणापासून मागे होता. मान पुढे काढून, हनुवटी वर करून ती चालायची. बिल्डिंगमधल्या बायका विचारत, "काय गं, वरच्या मजल्यावर कोण दिसलं?" बघायला आलेल्या दोन स्थळांनी 'मुलगी गर्विष्ठ वाटते' म्हणून नकार कळवला. ते तिला लागलं. मी मोठा भाऊ, लगेच उपाय काढला. घडी केलेला रुमाल हनुवटीखाली दाबून धरायचा आणि तो न पाडता गॅलरीत वीस फेऱ्या मारायच्या. चौथ्या फेरीलाच ती कुकरसारखी फुसफुसायला लागे.

"दादा, श्वास कोंडतो रे."

"नाटकं नकोत. चाल."

पुढे दात जुळत नाहीत म्हणून तिच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी मला बाजूने काढलेला एक्स-रे दाखवला. जिभेमागे श्वासाची वाट म्हणजे पेन्सिलीच्या शिशाएवढी काळी रेघ. "मान वर केली की ही जरा उघडते. तुमची बहीण तोरा मिरवत नाही, श्वास घेते," ते म्हणाले. मी खिशातला रुमाल आणखी खोल ढकलला.

ऑपरेशनमध्ये जबडा पुढे आणला. सहा आठवडे दात तारांनी बांधलेले. ती नळीने पेज प्यायची आणि पाटीवर लिहून भांडायची. नव्या एक्स-रेत ती रेघ करंगळीएवढी झाली आणि मान आपोआप सरळ. आई म्हणाली, "बघ, दादाच्या रुमालाचा गुण!" मी गप्प बसलो. नंतर तर गप्पही बसलो नाही. शेजारच्या मुलांनाही रुमाल लावायला सांगितलं.

परवा भाचीने विचारलं, "मामा, मोबाइल बघून मान दुखते. रुमाल लावू का?" बहीण समोरच वाल सोलत होती. मी सगळं सांगून टाकलं.

बहीण म्हणाली, "डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं रे. आईला कळावं म्हणून मी पाटीवर लिहिलंही होतं. तू पुसलंस."

पुसलं होतं.

"तारा काढून तोंड उघडल्यावर तरी सांगायचंस ना!" मी म्हणालो.

"सांगितलं की. सगळे म्हणाले, भावाचे उपकारही मानत नाही, गर्विष्ठच आहे." तिने वालाचं साल माझ्या अंगावर उडवलं. "आता तूच लिही. शाईने."