बॅगेचा आधीचा माणूस

अर्धे कपडे दोरीवर होते आणि अर्धे पिळून बादलीत पडले होते. आत्याची कपडे वाळत घालायची तऱ्हा वेगळी होती. चिमटा दातांत धरायचा, शर्ट खांद्यावर टाकायचा, उजव्या हाताने त्याची कड दोरीवर ओढायची, डाव्या मनगटाने दाबून ठेवायची आणि मग दातांतला चिमटा लावायचा. वेळ लागायचा, पण कपडा कधी खाली पडायचा नाही. आज मात्र ती मध्येच थांबली. दातांत चिमटा तसाच, खांद्यावर भावाचा ओला शर्ट, आणि डोळे टबात बुडवलेल्या काळ्या बॅगेवर.

"वन्सं, चिमटा काढा तोंडातून. कपडे राहतील ओले आणि तुम्हीच वाळाल उभ्या उभ्या," वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

आत्याने चिमटा काढला. "अगं वहिनी, आतले कप्पे चिकटवायला वेल्क्रोची पट्टी होती ना चांगली? मग बॅगेच्या आधीच्या माणसाने ते वरून शिवून का टाकले असतील?"

"हौस असेल."

"एवढ्या जाड दोऱ्याने? हौशी माणूस रंग तरी बघतो दोऱ्याचा."

गल्लीत सगळे तिला आत्याच म्हणत. खरी आत्या ती या घरातल्या दोन मुलांची, आणि ती दोघंही नोकरीपायी कधीच बाहेरगावी गेलेली. घरात आता दादा, वहिनी आणि ती. तिचं सगळं आयुष्य एका फोटो स्टुडिओत गेलं होतं. आधी अंधाऱ्या खोलीत फोटो धुतले, पुढे कॅमेरा हातात आला. रडणाऱ्या पोराला हसवायचं आणि हसणाऱ्या नवरदेवाला गंभीर करायचं, ही दोन्ही कामं तिला सारखीच जमत. मग एके दिवशी दिवा सरळ करताना ती स्टुलावरून पडली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. देवाने मनगट परत दिलं, पकड तेवढी स्वतःजवळ ठेवून घेतली. डावा हात टेकू द्यायचा, धरायचा नाही. ती बरी होईपर्यंत मालकही थकले आणि त्यांनी स्टुडिओला कुलूप लावलं. जाताना एक कॅमेरा तेवढा तिला देऊन गेले.

घरात बसून तिचा जीव कासावीस व्हायचा. अशात म्हाताऱ्या माणसांची सोय बघणाऱ्या एका संस्थेतून विचारणा झाली. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांचे ओळखपत्रासाठी फोटो हवे होते. त्यांच्या घरी जाऊन काढाल का? आत्या एका पायावर तयार झाली. आडवा आला दादा.

"ठके," तो म्हणाला. लहानपणचं हे नाव त्याने अजून सोडलं नव्हतं. "एका हाताने बॅग उघडणार कशी, कॅमेरा काढणार कशी? लोकांच्या जिन्यात पडलीस तर? वहिनीला घेऊन जा बरोबर."

"वहिनी काय माझी बॅग आहे?"

"मग मला करून दाखव. या टेबलावर. कुणी हात न लावता कॅमेरा बाहेर, फोटो, कॅमेरा आत. जमलं तर जा खुशाल एकटी."

दादा मनाने वाईट नव्हता. स्टुलावरून पडलेल्या बहिणीला त्यानेच उचलून नेलं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण आत्यालाही ठाऊक होतं, एकदा का बरोबर माणूस लागला की मग त्याला सवड असेल तेव्हाच काम. म्हणून तिने जुन्या वस्तूंच्या दुकानातून ही बॅग आणली. बाहेरचं कापड दणकट, पट्टा शाबूत, आत मात्र सगळा अवतार. फोमचा चिकट भुगा झाला होता. बोट लावलं की पिवळी साय यावी तसा बोटाला यायचा. असल्या बॅगेत कॅमेरा ठेवणं म्हणजे लेन्समध्ये आपल्या हाताने माती घालणं.

आता या घराची एक रीत होती. दुसऱ्याची वस्तू घरात आली की वापरण्याआधी तिच्यातला आधीचा माणूस धुऊन काढायचा. वहिनीच्या हातात कात्री आणि आत्याच्या हातात ब्रश. चेनच्या टोकाला कुणीतरी मळकट दोरीचा मोठा फासा बांधला होता, तो वहिनीने कापला. तळाला बाहेरून रबराच्या दोन ओबडधोबड पट्ट्या शिवल्या होत्या, त्या उसवल्या. टाके उसवून भुगा झालेले कप्पे काढले. कॅमेऱ्याच्या कप्प्यात तळापासून वर आलेली एक लांब फीत लोंबत होती, तीही गेली. वहिनी काही फेकणाऱ्यातली नाही. सगळं तिच्या चिंध्यांच्या डब्यात गेलं. धुऊन वाळलेली बॅग नव्यासारखी दिसायला लागली, फक्त आतल्या कापडावर सुईच्या भोकांची रांग राहिली. आत्या त्या रांगेवरून बोट फिरवत राहायची. भोकं सरळ नव्हती, बाहेरच्या बाजूला कलत गेली होती.

"शिवता येत नव्हतं त्याला," वहिनीने निकाल दिला.

"वाकडं आहे, पण दोन्हीकडे सारखंच वाकडं आहे गं."

नवे कप्पे घ्यायला आत्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. तिथे सगळं डोळ्यांत भरण्यासारखं. एक अख्खा तयार डबाच होता, मऊ गादीचा, करड्या कापडाचा, उचलून बॅगेत बसवला की झालं. दुसरे सुटे कडक कप्पे, वेल्क्रोने हवे तिथे चिकटवायचे. आत्याने मऊ डबा गालाला लावून बघितला आणि तोच घेतला. पुढे वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही कॅमेऱ्यासाठी नाही, स्वतःच्या झोपेसाठी घेतलात तो."

रविवारी टेबलाची परीक्षा. दादाने टेबलाखाली आपली उशी ठेवली.

"ही कशाला?"

"कॅमेऱ्याला. तुझी काळजी मला आहे, त्याची कुणाला?"

आत्याने चेन ओढली. चेनबरोबर बॅगच सरकत टेबलाच्या कडेला आली. डाव्या मनगटाने बॅग दाबली आणि पुन्हा ओढली, तेव्हा उघडली. कॅमेरा पकडून वर उचलला, तर मांजरीच्या तोंडाला पिल्लू लटकावं तसा अख्खा मऊ डबा त्याच्याबरोबर वर आला. तो झटकायला गेली आणि कॅमेरा हातातून निसटला. उशीवर पडला. काही झालं नाही त्याला.

दादाने उशी झटकली, कॅमेरा तिच्यापुढे ठेवला आणि तो आत निघून गेला. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

आत्या तिथेच बसून राहिली. डोळे भरून आले होते, पण डोकं भलतीकडेच चाललं होतं. बॅग सरकली. तळाला रबर असतं तर सरकली नसती. डबा वर आला. शिवलेला असता तर आला नसता.

"वहिनी," ती एकदम म्हणाली, "त्या माणसालाही एकच हात होता की काय गं?"

वहिनीने देवाजवळ दिवा लावायला घेतला होता, ती काडी हातात धरूनच वळली. "जाऊन विचारा की. नुसतं भोकांकडे बघून देव तरी काय सांगणार?"

जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने पत्ता सांगितला. "शिडीवाले म्हणा, कुणीही घर दाखवेल." आत्या बॅग खांद्याला अडकवून गेली, आणि खरंच विचारलं त्याने घर दाखवलं. दार उघडलं ते उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. आत्याने आधी त्याचे हात बघितले. दोन्ही धडधाकट होते.

"माझी बॅग!" तो आनंदाने म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "अहो, माझा फासा कुठे गेला?"

"धुताना... काढला," आत्या पुटपुटली.

"आणि रबर?"

"तेही."

"मग उरलं काय? कापडच की! अंघोळ घातलीत की सोलून काढलीत बिचारीला?"

आत्याला हसू आलं, आणि मग ते दोघंही हसले. म्हातारा कारखान्यांची धुराडी, पाण्याच्या उंच टाक्या, पुलांचे सांधे यांचे फोटो काढायचा. भेगा पडल्यात का ते खाली बसलेल्या साहेबांना त्यावरून कळायचं.

"वर चढलं की एक हात शिडीला, एक बॅगेत," तो म्हणाला. "तिसरा देवाकडे मागितला होता, अजून आला नाही. म्हणून चेनला फासा, अंगठा घालून ओढायला. तळाला रबर, कठड्यावर घसरू नये म्हणून. खाली माणसं असतात हो."

"आणि कप्पे तिरके का?"

"आत हात घालून बघा. सरळ कप्पा कॅमेऱ्याला धरून बसतो. कललेला असला की बोटांना जागा मिळते. फीत कॅमेऱ्याखालून जायची. ओढली की कॅमेरा आपणहून वर यायचा."

आत्याने विचारलं, "फोम कुठला घालू?"

"गालाला लावून घेऊ नका."

तिने चमकून बघितलं. त्याला कसं कळलं?

"मी पण पहिला तसाच घेतला होता. बोटाने दाबायचा. बोट काढल्यावर लगेच वर आला तर घ्यायचा, खळगा राहिला तर उशीत भरायचा. व्यायामाच्या चटईचा तुकडा चालतो. वरून गुळगुळीत कापड चढवा, नाहीतर तंतू लेन्समध्ये जातील." निघताना तिच्या मनगटाकडे बघून त्याने विचारलं, "तुमची शिडी ही वाटतं?"

"हो," आत्या म्हणाली.

घरी येऊन तिने चिंध्यांचा डबा पालथा केला. फासा मिळाला, रबराच्या पट्ट्या मिळाल्या. फितीने मात्र वहिनीने भाजीची जुडी बांधली होती. ती सोडवताना वहिनी पुटपुटत होती, "आज मेथीला सोडा, उद्या मला सोडाल." दादाच्या व्यायामाची चटई कपाटावर धूळ खात होती, तिचे तुकडे झाले. त्याने चटईची आठवण काढली नाही, व्यायामाची तर मुळीच नाही.

वहिनीने सुई पुढे केली. "द्या इकडे, मी शिवते."

"नको. बाहेर कुठे सुटलं तर मलाच शिवता यायला हवं."

आत्याने बॅग गुडघ्यांत धरली, कप्पा डाव्या मनगटाने दाबला आणि टाके घालायला बसली. मऊ डब्याचं गुळगुळीत कापड तिने उसवून नव्या फोमवर चढवलं होतं. एका ठिकाणी तिला वाटलं, आपल्या हाताला थोडं कमी कलतं बरं पडेल. तिथे तिने जुनी भोकं सोडून स्वतःची नवी पाडली. बाकी सगळीकडे सुई त्या माणसाच्याच भोकांतून गेली. दोन सुया मोडल्या.

पुढच्या रविवारी दादा पुन्हा उशी घेऊन आला. आत्याने फाशात अंगठा घातला. बॅग जागची हलली नाही. फीत ओढली, कॅमेरा वर आला, तिने तो उचलून डाव्या मनगटावर टेकवला आणि दादाचाच फोटो काढला. उशी पोटाशी धरलेला, तोंड अर्धवट उघडं. मग कॅमेरा आत, चेन बंद.

"पुन्हा कर," दादा म्हणाला.

तिने पुन्हा केलं.

"घाईने कर."

तिने घाईने केलं. या फोटोत वहिनीही आली, देवघराकडे हात जोडलेली.

दादाने उशी काखोटीला मारली. "मग हिचं इथे काय काम? मी जातो झोपायला." दारापाशी जाऊन थांबला. "जिन्यात कठडा धर."

"त्यासाठीच तर हा उजवा हात मोकळा ठेवलाय रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींचा फोटो काढायला जायचं होतं. आणि येताना वाटेत जाड सुयांचं एक पाकीट आणायचं होतं.