बाहेरचं ताट

निपाणीत आक्कांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. आक्का आणि त्यांचे यजमान अण्णा जैन आहेत, आणि नेम पाळणारे आहेत. उजेड आहे तोवर ओटा पुसायचा, फरशी झाडायची, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं. मग सकाळपर्यंत आत कुणी जात नाही. अंधार पडल्यावर आक्का पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत.

मी त्यांच्याकडे आले ती पापड लाटायला. बीडकडच्या आमच्या गावात नववीतच शाळा सुटली आणि एका मावशीबरोबर इकडे, इतक्या लांब आले. आक्कांच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ बायका लाटायचो. पापड वाळत घालायला अंथरलेला पेपर मी वाचत बसते, हे आक्कांनी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पापड वाळायचं बघ की गं. आणि दहावीचा फॉर्म कुठं मिळतोय ते पण बघ." बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच भरायला लावला. परीक्षेला कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात, कागलला जायचं होतं, तर सगळ्या पेपरांना त्या माझ्याबरोबर बसने आल्या आणि शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या. पुढे बारावीही अशीच झाली. मावशी गावी परत गेली आणि मी आक्कांच्याच घरी राहू लागले.

मग बेळगावला चार वर्षांच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. कसली डिग्री, हे मलाही नीट सांगता यायचं नाही. इतिहास होता, संख्याशास्त्र होतं, पर्यावरण, नाटक, मानसशास्त्र, सगळं एकत्र. शेजारणींनी विचारलं की आक्का सांगायच्या, "सगळंच शिकवत्यात. एकच शिकाय हिचं डोकं लहान हाय व्हय?" शेजारीण म्हणायची, "म्हंजे नोकरी कशाची लागणार?" आक्का म्हणायच्या, "लागंल त्याची."

वर्गात मला सारखी भीती असायची. बाकीच्यांनी शाळेत जे वाचलं होतं ते मी वाचलेलं नव्हतं. कुणी हसलं की मला वाटायचं, माझ्यावरच. कुणीतरी विचारेल, ही इथं कशी आली, आणि मार्क्स कार्ड परत घेतील, असं पहिलं वर्षभर वाटत राहिलं.

वर्ग साडेचारला सुटायचा. बस मिळून निपाणीला पोचेपर्यंत सात वाजायचे. घरातलं स्वयंपाकघर तेव्हा बंद झालेलं असायचं. माझं ताट बाहेर पडवीत, एका लाकडी स्टुलावर जाळीखाली झाकलेलं असायचं. भाकरी कापडात बांधलेली. आमटीचं भांडं अण्णांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवलेलं, कारण आता गॅस पेटवायचा नव्हता. मी जेवायला बसले की आक्का समोर येऊन बसायच्या. स्वतः पाणीही न घेता, माझं होईपर्यंत. आज काय शिकवलं, असं विचारायच्या. मी नाटकाच्या तासाला झाड झाले होते हे सांगितलं, तेव्हा अण्णा आतून म्हणाले, "फळं लागली काय बघ."

दुसऱ्या वर्षी एक पेपर होता, अन्न आणि समाज. प्रत्येकाने आपल्या माहितीतल्या एका स्वयंपाकघराबद्दल इंग्रजीत लिहायचं. मी आक्कांचं घर घेतलं. पहिल्या खर्ड्यात सगळं लिहिलं : ओढलेलं दार, स्टूल, जाळी, स्वेटर, समोर बसलेल्या आक्का. मॅडमनी तो परत दिला. शेवटी लिहिलं होतं की वर्णन छान आहे, पण यात प्रश्न कुठे आहे? ज्याला आपण घर म्हणतो तिथे कोण आत आणि कोण बाहेर, याचा विचार कर.

मी विचार केला. खरं म्हणजे विचार केला नाही, मॅडमना काय हवंय ते मला कळलं. मी स्वेटर काढला. समोर बसलेल्या आक्का काढल्या. सूर्यास्ताचं कारण एका ओळीत खाली टीप म्हणून टाकलं. उरलं ते एवढंच : बाहेरगावाहून आलेली कामवाली मुलगी, स्वयंपाकघराचं बंद दार, पडवीतलं ताट. वर्गात सगळ्यांना माझं आडनाव माहीत होतं. ताट बाहेर का, हे कुणाला विचारावं लागलं नाही. लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले. मॅडम म्हणाल्या, हे लिहायला धैर्य लागतं. खानापूरकडची एक मैत्रीण माझा हात धरून म्हणाली, "तू रोज हे सहन करतीस?" मी मान खाली घातली. ती मान कशासाठी खाली गेली, याचा तिने वेगळाच अर्थ लावला. तिला सांगायला तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण त्या वर्गात पहिल्यांदाच मी कुणीतरी होते.

विभागाच्या प्रदर्शनात निवडक पेपर व्हरांड्यात दोरीला अडकवले होते. माझाही होता. पालकांना बोलावलं होतं. आईवडील इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं, आणि आक्कांना न बोलावण्याचं कारण मला सुचलं नाही. त्या नवी साडी नेसून, डब्यात लाडू घेऊन आल्या. दोरीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यो तुझा न्हवं? वाच की."

"इंग्रजीत आहे आक्का."

"मग मराठीत सांग."

गाळून सांगता आलं असतं. पण मैत्रीण शेजारीच उभी होती, तिला दोन्ही भाषा येत होत्या. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. आवाज इतका लहान झाला की आक्का जवळ सरकल्या. बंद दाराशी आले, पडवीतल्या ताटाशी आले, शेवटापर्यंत आले.

आक्कांनी दोरीवरचा कागद बोटांनी धरून बघितला. म्हणाल्या, "खरं हाय. ताट भाईरच असतंय." मग हळूच विचारलं, "मी म्होरं बसत्ये ते न्हाय आलं व्हय त्यात?"

मी त्यांच्या हातातल्या डब्याचं झाकण काढलं.

"जागा पुरली नसंल," त्याच म्हणाल्या, आणि मैत्रिणीच्या हातावर लाडू ठेवला.

परतीच्या बसमध्ये संकेश्वरच्या आधीच सूर्य मावळला. आक्का दुपारपासून जेवल्या नव्हत्या, आणि आता सकाळपर्यंत जेवणार नव्हत्या. खिडकीला डोकं टेकून त्या झोपल्या, किंवा तसं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पडवीत स्टूल मोकळंच होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं, दिवा लावलेला, ओट्याशेजारी पाट मांडलेला आणि त्याच्यापुढे माझं ताट. मी दारातच थांबले.

"आत ये की," आक्का म्हणाल्या. "तुला तसं वाटत हुतं तर आधी बोलायचं हुतंस. मला कसं कळणार गं? मी आपली नेमाच्या नादात."

मला तसं कधीच वाटलं नव्हतं. एक दिवसही नाही. हे सांगायचं तर मग पेपर कशासाठी लिहिला तेही सांगावं लागलं असतं. मी आत जाऊन पाटावर बसले आणि जेवले. आक्का नेहमीसारख्या समोर बसल्या, पण आज काय शिकवलं ते त्यांनी विचारलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी ओटा पुन्हा पुसला, फरशी पुन्हा झाडली आणि दार ओढून घेतलं.

तेव्हापासून रोज हे असंच चाललंय. एकदा अण्णा म्हणाले, "दोनदा झाडत्येस होय?" तर आक्का म्हणाल्या, "व्हय, केर लई पडाय लागलाय." स्टुलावर आता अण्णांचा चष्मा आणि पेपर असतो.

हे मी मराठीत लिहिलंय, आक्कांना स्वतः वाचता यावं म्हणून. चार दिवस झाले, कागद पिशवीतच आहेत. संध्याकाळी पडवीतून जाताना स्टुलाकडे बघते, आणि आत जाऊन पाटावर बसते.