पाहुण्यांच्या सोयीचा नळ

मुलुंडहून बोरिवलीला जायला कुणी दोन दिवस घेत नाही. आम्ही घेतले, कारण वाटेत घाटकोपर आणि अंधेरी होती, आणि बरोबर सुधामावशी होती. तिला कुठेही सरळ जाणं कमीपणाचं वाटतं.

निमित्त असं झालं. मी पाणीपुरवठ्याची इंजिनीअर. गेलं वर्षभर आमच्या कंपनीत टांझानियातल्या काही गावांच्या पाणीयोजनेचं काम माझ्याकडे आहे. पैसा आपल्या सरकारने त्यांच्या सरकारला दिलेल्या स्वस्त कर्जातला, गावं त्यांची, नकाशे माझे. ते मी मुलुंडच्या ऑफिसात एसीत बसून काढले. आता कंपनी म्हणत होती, दोन वर्षं तिकडे जाऊन राहा, भारताकडून आलेली तज्ज्ञ म्हणून. सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि माझं उत्तर जवळपास ठरलं होतं, नाही. नवरा जा म्हणत होता. अडून बसले होते ती मीच. नकाशे इथून निघाले तर देखरेखही इथून होईल. तिथली इंजिनीअर नीमा हुशार आहे, माझ्या प्रत्येक ईमेलला ‘तुम्ही म्हणाल तसं’ असं तत्पर उत्तर देते. आणि खरं सांगायचं तर ‘तज्ज्ञ’ म्हणून परक्या गावात उभं राहायची कल्पनाच मला नकोशी वाटत होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्या मागच्याच गल्लीत राहते. उमेदीची सगळी वर्षं तिने परदेशी मदतीच्या पाणीयोजनांवर दुभाषी म्हणून काढली. कधी ब्रिटन, कधी जर्मनी, कधी नकाशावर बोटाखाली झाकले जातील एवढे देश. दोन सरकारांत करार व्हायचा, तिकडून पैसा, यंत्रं आणि एक साहेब यायचा, आणि साहेब आणि गाव यांच्या मधोमध मावशी बसायची.

“नको जाऊस,” ती म्हणाली. “पण ज्यांच्याकडे असले तज्ज्ञ येऊन गेले त्यांना तरी भेट आधी. चल, मीच नेते. मलाही बघायचंय कोण कोण शिल्लक आहे ते.”

शनिवारी सकाळी मुलुंड पश्चिमेहून आम्ही लालबहादूर शास्त्री मार्गाने जाणारी बस धरली. तुम्ही करणार असाल तर जानेवारीतच करा हा प्रवास. हवा गार असते, उन्हाला धार नसते, आणि बसमध्ये खिडकी मिळाली तर भांडुप, कांजूर, विक्रोळी अशी उपनगरं अर्धवट झोपेत असल्यासारखी मागे सरकत जातात. या सगळ्या उपनगरांतून शहराचं पाणी वाहून नेणारे जाडजूड नळ जातात. कुठे उघड्यावर, कुठे झोपड्यांच्या पाठीमागून, कुठे जमिनीखालून. डोळे मिटले की वाटतं, आपण एका मोठ्या नदीवरूनच चाललोय आणि ती आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, “तिकीट नीट ठेव, चेकर चढतोय.”

घाटकोपरला मावशीच्या कामातल्या ओळखीचे खानोलकर काका राहतात. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, सरकारी भूजल खात्यात भूवैज्ञानिक होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, गॅलरीत आरामखुर्ची, मांडीवर मांजर. बहात्तरच्या दुष्काळानंतर खडक फोडून बोअर मारणारी परदेशी यंत्रं बोटीने आली, तेव्हाचे ते तरुण. कातळातून पहिलं पाणी उसळायचं तेव्हा आख्खं गाव त्याखाली नाचायचं, साहेबसुद्धा. हे सांगताना काकांचे डोळे गॅलरीच्या पार पलीकडे कुठेतरी लागले होते, आणि मांजराने हात चाटला तरी त्यांना कळलं नाही.

“मग अडलं कुठे?” मी विचारलं.

“वायसरात,” काका म्हणाले. म्हणजे पंपाच्या वॉशरात. “यंत्र आमका गावला, पण वायसर तेंच्या देशात रवलो. पंपाचा चामडं फाटला की तिकडे कळवायचा आणि बोटीची वाट बघायची. तोवर बायका परत झऱ्यावर. साहेब वाईट नाय होतो गे. पण करारच तसो, जेचो पैसो तेचाच सामान.”

पुढे सोलापूर-जालन्याकडच्या पंपांवरून शिकून आपलाच एक दणकट हातपंप तयार झाला, तो परदेशी पैशानेच देशभर गेला, आणि मग देशाबाहेरही. मी मोबाइलवर नीमाने पाठवलेला गावाचा फोटो काढून दाखवला. आंब्याच्या झाडाखाली तोच पंप, तोच वाकडा दांडा. काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि दांड्यावरून हळूच बोट फिरवलं. मला उगाच भरून आलं.

“जा,” निघताना ते म्हणाले. “पण थंयच्या बाजारात गावतलो तोच वायसर घाल.”

दुपारी घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसा खाल्ला. चीज, शेजवान, आणि वर आणखी काय काय, मावशीच्या मते डोशाची वाट लावलेली. तरी तिने माझ्या ताटातला अर्धा उचलला. पोट भरतं, खिशाला झेपतं, फक्त बसायला जागा मिळेल ही आशा ठेवू नका.

तिथून मेट्रो. ही मेट्रो म्हणजे माझ्या मते उपनगरातली सर्वांत स्वस्त सहल आहे. गाडी असल्फ्याच्या टेकडीवरच्या रंगीत घरांजवळून जाते आणि खाली सगळीकडे छपरं, आणि छपरांवर पाण्याच्या टाक्या. काळ्या, पांढऱ्या, आणि मधूनमधून निळ्या पिंपांच्या रांगा. दुपारच्या धुरकट उजेडात सगळं शहर पाणी डोक्यावर घेऊन कुणाची तरी वाट बघत उभं आहे असं वाटलं. त्या एवढ्या वेळात मी टांझानिया, सोमवार, सगळं विसरून गेले होते.

मरोळ नाक्याला उतरून आम्ही लीलाताईंकडे गेलो. त्या मुलाबरोबर एका टॉवरमध्ये राहतात. गाव जुन्नरकडच्या डोंगरातलं, तिथल्या योजनेवर मावशी दुभाषी होती. मदत देणाऱ्या देशांनी पुढे अट घातली, की गावात पाणी समिती हवी आणि समितीत बाया हव्यात. तेव्हा सरपंचाची सून म्हणून लीलाताईंना अध्यक्ष केलं गेलं. “फोटोपुरती गं,” त्या म्हणाल्या, “पन बसायची सवय लागली. साहेब गेल्यावर बी मी मीटिंगा घेतच ऱ्हायले. सासरे म्हनले, आता कशाला? मी म्हनलं, आता तर खरं काम.” हल्ली त्या सोसायटीच्या टँकरवाल्यांना धाकात ठेवतात.

त्यांनी मुक्कामच ठोकायला लावला आणि हुलग्याची शेंगोळी केली. झणझणीत, वर कच्चं तेल. अशी शेंगोळी अंधेरीच्या कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, तेव्हा ओळखी काढा. खाता खाता मावशी कौतुकाने मला सांगू लागली, की त्या गावात आलेल्या साहेबासारखा माणूस तिने दुसरा पाहिला नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि बायांनाच विचारायचा, नळकोंडाळं कुठे हवं, तुम्ही सांगाल तिथे. “आणि लीलाने सांगितलं, इथेच, रस्त्याला, पिंपळाखाली. तो इतका खूश झाला. गावाने स्वतः जागा निवडली, असं सगळीकडे सांगायचा.”

लीलाताईंनी माझ्या ताटात आणखी वाढलं.

“जागा चुकीची होती,” त्या सहज म्हणाल्या.

मावशीचा घास हातातच राहिला.

“म्हंजी काय, सगळी घरं वरच्या वाडीत. हंडा घेऊन तो चढ चढायचा म्हंजी कंबर मोडायची. पुढं पंचायतीनं वर नळ नेला तवर चढतच होतो.”

“मग वर हवा म्हणून का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“अगं, चैताचं ऊन. साहेब लालबुंद झालेला, गाडी वर चढत न्हवती. पाव्हन्याला तसल्या उन्हात वर कुठं न्यायचं? आन् वर्साला तो बघायला येनार. हितं असला की गाडीतनं उतरला का नळ दिसला, त्याला बी बरं वाटंल. आमचं काय, डोक्यावर हंडा होताच.”

“पण मला सांगायचं ना, लीला,” मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. “मी तर तुझ्या शेजारीच बसले होते.”

लीलाताईंनी तिच्याकडे मायेनेच बघितलं. “तू त्याच्या गाडीतनं आलीवतीस, सुधाताई.”

त्यानंतर दोघी बराच वेळ शेंगोळीच्या मसाल्यावर बोलत राहिल्या. झोपायच्या आधी लीलाताईंनी मला विचारलं, “तुझ्या त्या परदेशातल्या नळांची जागा कुनी ठरवली?” मी म्हटलं, “मी सुचवली, गावाने होकार दिला, नीमाने तसं कळवलं.” त्या हसल्या. “मग बरंय,” एवढंच म्हणाल्या आणि दिवा घालवला.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा मेट्रोत बसलो. महामार्गाच्या स्टेशनवर उतरून पुलावरून गुंदवलीला जायचं आणि तिथून राष्ट्रीय उद्यान स्टेशन गाठायचं. मावशी खिडकीला डोकं टेकून होती. तिने आपण होऊन शेवटचं प्रकरण सांगितलं. एक काळ असा आला, की आपल्याच सरकारने मदत देणाऱ्या छोट्या देशांना कळवलं, आभारी आहोत, आता आमचं आम्ही बघू. ऑफिसं आवरली, गाड्या गेल्या, साहेब निघताना रडला. मावशी बेकार झाली तरी तिला अभिमान वाटला होता. “आणि आता आपण द्यायला निघालो,” ती म्हणाली. “आता गाडीत तू.”

बोरिवलीच्या उद्यानात सोमवारी सुट्टी असते, हे लक्षात ठेवा. गेटचं तिकीट वेगळं, कान्हेरीच्या लेण्यांचं वेगळं, आत बस मिळते. पाण्याची बाटली घ्या आणि माकडांना दाखवू नका. वाटेवर आदिवासी बायका बोरं आणि काकडी घेऊन बसतात. आम्ही दोन्ही घेतलं आणि मीठ लावत वर चढलो. धुकं अजून झाडीतून पूर्ण उठलं नव्हतं. त्या काळ्या खडकावर जागोजागी पाण्याची टाकी कोरलेली आहेत, त्यांना तिथल्या जुन्या लेखांत पोढी म्हटलंय. कुणी दिली ते शेजारी कोरून ठेवलंय. एक टाकं कल्याणच्या सोनाराचं आहे. मावशीने सांगितलं, की जुन्नरच्या लेण्यांत तर दोन टाकी कुणा यवनाने दिल्याचा लेख आहे. म्हणजे परदेशी मदतीचं पाणी या मुलखाला नवं नाही.

आम्ही एका टाक्याच्या काठाशी बसलो. पाणी हिरवं, गार, अजिबात न हलणारं. वर खडकात बोटभर रुंदीचा पाट कोरून थेट टाक्यात सोडलेला, आणि टाकं अगदी भिक्षूच्या खोलीच्या दाराशी. सोनाराने पैसे दिले असतील, पण जागा सोनाराने ठरवलेली नाही हे उघड दिसत होतं. एक पावसाळा तिथे काढल्याशिवाय ती जागा कुणाला कळलीच नसती. मला तिथून उठावंसंच वाटेना. दोन हजार वर्षं तशीच पाण्यात उतरून बसली असावीत, आणि आपण हळू बोललो नाही तर ती उठून जातील, असं काहीसं वाटत होतं.

“मी एकेक शब्द बरोबर सांगितला गं,” मावशी अचानक म्हणाली. “त्याचा तिला, तिचा त्याला. एकही शब्द चुकला नव्हता.”

मी तिचा हात धरला. आयुष्यभराच्या कामावर कुणी प्रेमाने बोट ठेवलं, की त्याचं दुःख कुणाला सांगताही येत नाही. आणि तिथेच मला नीमाची सगळी ईमेलं आठवली. वर्षभरात तिने मला एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. मी त्याला हुशारी समजत होते.

परतताना गोरेगावला येऊन लिंक रोडने मुलुंडची बस पकडली. उजवीकडे-डावीकडे डोंगर, मावशी माझ्या खांद्यावर झोपलेली. तिला घरी सोडलं, चहा टाकला, आणि कप हातात घेऊन नीमाला फोन लावला. टांझानियात दुपार होती. आम्ही एरवी इंग्रजीत मोजकं, कामाचं बोलतो. त्या दिवशी मी कामाचं काहीच बोलले नाही. लीलाताईंची गोष्ट सांगितली. पिंपळ, लालबुंद साहेब, चैत्राचं ऊन, डोक्यावरचा हंडा, आणि तू त्याच्या गाडीतून आली होतीस, हे वाक्यसुद्धा.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“मॅडम,” नीमा शेवटी म्हणाली, “आपल्या नकाशातली मोठी टाकी चुकीच्या टेकडीवर आहे.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून.”

चहा निवून गेला होता. मी तिला विचारलं, ती बरोबर टेकडी गावापासून चालत किती लांब आहे. ती म्हणाली, बरीच, आणि गाडी जात नाही. मी म्हटलं, मी येतेय.