आंतोनच्या वाडीतला पंखा

तीन म्हातारे एखादी वस्तू बनवायला बसले की वस्तू बनेल न बनेल, किस्से मात्र रोज बनतात. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे आमच्या पवनचक्कीचा कुठलाही किस्सा निघाला की चूक कोणाची, हे लोक आधीच ठरवून ऐकतात. त्यांचं फारसं चुकतही नाही.

गिरीज गावात आंतोनची केळीची वाडी आहे. तिथे वारा सुटला की नारळाची झाप तारेवर पडते आणि लाईट जाते. अशाच एका अंधारात त्याच्या पत्नी, फिलोमिनाबाय, मागच्या पडवीत घसरून पडल्या. मनगट मोडलं. मुलगा नेल्सन गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्यानं सांगून टाकलं, "पुन्हा अंधारात बसलात, तर मी गाडी घेऊन येणार आणि दोघांना कायमचं घेऊन जाणार!"

मग एकदा आंतोन म्हणाला, "लाईट वाराच नेतो ना? मग त्यानंच आणून द्यायची!"

*

वीज बनवण्यासाठी गाडीचा जुना आल्टरनेटर आणायला भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "गाडी कुठली?" मी त्याला पवनऊर्जेचं तत्त्व समजावू लागलो. आमच्यातले तिसरे, विम्यातून निवृत्त झालेले वर्तक, यांनी मला मागे ओढलं आणि त्याला सांगितलं,

"गाडी घरीच उभी असते रे. नुसता पंखा फिरतो तिचा!"

*

पीव्हीसी पाइप कापून पाती केली. ती सुटून कोणाला लागतील या धास्तीनं मी रोज सकाळी वाडीत जाऊन नट तपासायचो.

वर्तक म्हणाले, "सर, तुमची पीएचडी नक्की कशात? काळजीत?"

मी हसलो. हसत हसतच पुढचा नट तपासला.

फिलोमिनाबाय मात्र पंख्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "घरातला पंखा वारा देतो. तुमचा नुसता खातो!"

*

पंखा झकास फिरला. मीटरवर शून्य!

दोन दिवस डोकं खाजवल्यावर मला आठवलं. गाडीच्या आल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नसतं. बॅटरीनं आधी थोडी वीज दिली, तरच तो वीज बनवतो. इतकी वर्षं मी हेच तर शिकवत होतो!

"वीज मिळवायला आधी वीज द्यायची?" आंतोन वैतागला.

"त्यात नवीन काय?" वर्तक म्हणाले. "पहिल्या नोकरीलासुद्धा अनुभव मागतात!"

त्यांनी आपल्या मोडक्या स्कूटरची बॅटरी दिली. ती आल्टरनेटरला जागं करण्यापुरतीच होती. पंखा थांबला की त्यावर चालणारा पडवीतला दिवा लगेच मान टाकायचा.

*

नवी विहीर असो की नवी गाडी, आंतोनच्या घरी फादरांच्या आशीर्वादाशिवाय काही सुरू होत नाही. पंख्यासाठीही फादर आले. पवित्र पाणी शिंपडलं आणि विचारलं, "काय मागू? वारा यावा, की येऊ नये?"

आंतोन गडबडला. वाऱ्यात केळी मोडतात. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रोझरीच्या प्रार्थनेनंतर वारा नको, हेच मागणं असतं.

"यावा, फादर," तो शेवटी म्हणाला. "पण केळीच्या वरून जावा!"

*

मग एका संध्याकाळी खरा वारा आला. अख्ख्या गिरीजची लाईट गेली. पडवीतला दिवा तेवढा जळत राहिला. आता जाईल, मग जाईल, असं मनात म्हणत मी त्याच्याकडे बघत होतो.

फोन वाजला. पलीकडे नेल्सन. "मम्मी, गिरीजची लाईट गेली म्हणे. मी निघालो. बॅगा भरा!" फिलोमिनाबाय तोंड उघडेपर्यंत त्यानं फोन ठेवलासुद्धा.

बाहेर वाडीत कडकन आवाज झाला. एक केळ आडवी झाली. मग दुसरी. फिलोमिनाबाय रोझरी घेऊन दिव्याखाली गुडघ्यांवर बसल्या. "देवा, थांबव रे हा वारा!"

आंतोन दारात उभा राहून आपली वाडी पडताना बघत होता. तो घाईघाईनं आत आला आणि बायकोच्या कानाशी वाकला.

"फिलू, जरा दम धर! नेल्सन पोचू दे!"