कडी नसलेला लॉट

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. शेतकरी घरातून फोन लावतो आणि नदीकाठची मोटार चालू होते, बंद होते. त्या पेटीच्या चाचण्या घेणं, पुण्याच्या प्रयोगशाळेतून तिचा दाखला आणणं आणि प्रत्येक लॉटच्या कागदावर सही करणं हे माझं काम. अजूनही तेच करते.

तीन वर्षांपूर्वी नवीन मॉडेल घेऊन मी पुण्याला गेले. तिथं एका चाचणीत पेटीच्या वायरींमध्ये मुद्दाम बारीक, तीक्ष्ण झटके सोडतात. शेजारी वेल्डिंग चालू असलं किंवा एखादी मोठी मोटार बंद झाली, तर लाईनीत असा गोंगाट येतोच. त्या गोंगाटात पेटीनं आपल्या मनानं काही करायचं नाही, एवढीच अट. झटके सुरू झाले आणि काही सेकंदांत आतला रिले, म्हणजे मोटार चालू करणारा स्विच, टक् करून वाजला. टेबलावर मोटारीच्या जागी जोडलेला दिवा लागला. तिथल्या इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं आणि कागदावर 'नापास' लिहिलं.

मग आम्ही वायरींवर फेराइटची कडी बसवली. काळी, बांगडीपेक्षा लहान, हाताला जड. तिच्यातून वायर ओवली की बराचसा गोंगाट तिथंच जिरतो. पुढच्या खेपेला दिवा लागला नाही. परत येताना साताऱ्याच्या स्टँडवरून मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास, मॅडम."

चौथ्या लॉटच्या वेळी कड्यांचा माल आला नाही. बाहेर टेम्पो उभा होता, डीलर फोनवर फोन करत होते. मालक माझ्या टेबलापाशी आले.

"हा एक लॉट तसाच जाऊ दे, मॅडम. पुढच्यापासून बसवू."

"सर, कडीशिवाय ती पेटी नापास आहे."

"प्रयोगशाळेत झटके सोडतात. शेतात कोण सोडतंय?"

वेल्डिंगवाला, असं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. पेन उमटत नव्हतं म्हणून दुसरं घेतलं आणि सही केली. त्या दिवसातलं एवढंच आठवतं.

काही महिन्यांनी आमच्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला. शिराळा तालुक्यात, वारणेच्या काठावर, एक निवृत्त फौजी पंपाची ग्लँड, दांड्याभोवतीची गळती थांबवणारी दोरी, बांधत असताना मोटार आपोआप सुरू झाली. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी पेटीवरचा नंबर विचारला. चौथा लॉट. मी फोन ठेवला, डबा उघडला आणि जेवले. भाजी कसली होती ते सांगता येईल, गवार. बाकी आत काही हललं नाही.

मालक म्हणाले, "त्यांनी मेन स्विच काढायला पाहिजे होता." खरंच होतं ते. आमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर तसं लिहिलंय. ते वाक्य मीच लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याला मशीन घेऊन बोलावलं आणि आमच्याच लाईनीवर वेल्डिंग करायला लावलं. शेजारी त्याच लॉटची पेटी ठेवली. तिसऱ्यांदा त्यानं रॉड टेकवला आणि रिले टक् करून वाजला. कडी घालून तासभर वेल्डिंग केलं, वाजला नाही. मी मालकांना बोलावलं आणि कडी काढून पुन्हा करून दाखवलं. ते खुर्चीवर बसले.

"सगळ्या पेट्या गाठायच्या," ते म्हणाले. "मीपण येतो."

दोन महिने आम्ही गावोगाव फिरलो. चार स्क्रू काढायचे, कडी ओवायची, चार स्क्रू लावायचे. लोक उसाचा रस पाजायचे. फौजींची पेटी मी शेवटी ठेवली होती आणि तिथं एकटी गेले.

त्यांच्या बायकोनं दारातच म्हटलं, "आवं, या की. बसा. च्या टाकते." फौजी डाव्या हातानं कप धरत होते.

"मोबाईलवरनं बंद केल्ती मोटार," ते म्हणाले. "बंद झाल्याचा मेसेजबी आल्ता. आन् एकदम फिरली. मेन काढाय पायजे हुता, माझंच चुकलं."

"शेजारी वेल्डिंग चालू होतं का?"

"व्हय. बाजूच्या पंपावर पायपाला जोड घालत हुते. तुमाला कसं कळलं?"

मी सांगितलं. कडीचं, प्रयोगशाळेचं, टेम्पोचं. आवाज माझाच होता, पण कुणीतरी कागद वाचून दाखवावा तसा.

"म्हंजी तुमाला म्हाईत हुतं."

"हो."

"आन् सही केली."

"हो."

ते बायकोकडे वळले. "ऐकलंस? रोज म्हणतीस, तुमचं ध्यान न्हवतं म्हणून." बाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. माफ करा म्हटलं.

"चला, बसवा ती," म्हणून ते उठले.

पंपाच्या खोलीत त्यांनी मेन स्विच डाव्या हातानं खाली ओढला आणि माझं काम होईपर्यंत त्याच्यावरचा हात काढला नाही. मी चार स्क्रू काढले, कडी ओवली, चार स्क्रू लावले. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "आता वेल्डिंग केलं तर न्हाई ना फिरायची?"

"नाही फिरणार. पण मेन काढल्याशिवाय हात घालू नका."

"ते आता सांगाय नको," ते म्हणाले.

त्यानंतर कड्यांशिवाय दोनदा माल तयार झाला. दोन्ही वेळा मी सही केली नाही, आणि मालकांनी मागितलीही नाही. लॉट रॅकवर पडून राहिले.

फौजींकडे गेले त्या दिवशी सांगलीला पोचले तर वाईहून आईचा फोन आला. कुठं होतीस म्हणाली. शिराळ्याला, कामाला, म्हटलं.

"अगं, मग नागपंचमीला तरी जायचंस, नागांची जत्रा असते. आत्ता काय बघितलंस तिथं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि तिनं कुणाच्यातरी लग्नाचं सांगायला सुरुवात केली.