सुभानमामांची रबरी पट्टी

दौंड स्टेशनाबाहेर लिंबाखाली सुभानमामांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, पंप, शेगडी आणि पाण्याचं घमेलं. मामा शाळेत कधी गेले नव्हते. मी मात्र शाळेत विज्ञान शिकवायचो आणि त्या गुर्मीतच असायचो.

१९६१ साली त्यांची मुलगी हमीदा सातवीत माझ्या वर्गात होती. उष्णतेनं सर्व पदार्थ प्रसरण पावतात, असं मी शिकवलं. रुळांमधल्या फटीचा दाखलाही दिला. हमीदा उठली. "गुरुजी, ताणलेलं रबर न्हाई वाढत. शेगडीपाशी टांगलं की आखडतं." वर्ग हसला, माझं डोकं फिरलं. खोटारडी म्हणून मी तिला तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मामा थेट वर्गाच्या दारात. हातात ट्यूबची कापलेली पट्टी, लोखंडाचा तुकडा आणि वाफाळती किटली. आता हे भांडणार, असं मला वाटलं.

"गुरुजी, तिची आई म्हंती, बास झाली शाळा," मामा अदबीनं म्हणाले. "तुम्ही एकदा बघा. पोरगी खोटी निघाली तर मीच तिला घरी बसवतो."

त्यांनी खिडकीच्या गजाला पट्टी बांधून खाली लोखंड अडकवलं. पट्टी चांगली ताणली. लोखंड जिथवर खाली आलं तिथं भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि किटलीतलं पाणी पट्टीवर सोडलं. लोखंड चक्क बोटभर वर चढलं! पट्टी निवून लोखंड खाली आल्यावर मी पुन्हा ओतायला लावलं. पुन्हा तेच.

"असं का हुतं, गुरुजी?"

"ठाऊक नाही, मामा," मी म्हणालो. वर्गात हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन हमीदाची माफी मागितली.

रविवारी पुण्याच्या ग्रंथालयात उत्तर सापडलं. रबर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबलचक साखळ्या, गुंतवळासारख्या वेटोळ्या झालेल्या. ताणलं की त्या सरळ होतात. ऊब लागली की जास्तच वळवळतात, पुन्हा गोळा व्हायला बघतात आणि भार वर खेचतात. परतताना स्टेशनावर उतरून तसाच मामांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी हातातली पट्टी ताणून बघितली.

"म्हंजी आत सारखी हालचाल चाललेली हाय? आन् मी तीस वर्सं ह्याला नुसती ठिगळं लावतोय!"

सोमवारी हमीदा आली. मी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं, 'उष्णतेनं सर्व पदार्थ प्रसरण पावतात', आणि खडू तिच्या हाती दिला. तिनं 'सर्व' खोडलं आणि वर लिहिलं, 'बहुतेक'.