रुद्रम्माच्या मशिनी कोण वाढवतं?

भालकीला आमचं नाटक लागलं की मध्यंतरात रुद्रम्माचा चहा असायचा. मी राजाच्या वेशात असलो तर ती पैसे घ्यायची नाही. "राजाकडून काय घ्यायचं!" म्हणायची. पुढे नाटकं गेली, तिची किटलीही गेली. आता साठीत तिनं बसस्टँडसमोर गाळा घेऊन पंजाच्या तीन मशिनी लावल्यात. नाणं टाकलं की काचेच्या पेटीत लोखंडी पंजा खाली उतरतो; खेळणं उचललं गेलं तर आपलं, नाहीतर नाणं गेलं. त्यावर तिचं घर चालतं.

परवा दुपारी मी तिथंच होतो. मीटर वाचणाऱ्या कल्लप्पानं बिल हातात दिलं आणि रुद्रम्मा मटकन स्टुलावर बसली.

"तेहतीसशे? तेराशेच्या वर कधी गेलं न्हाई! कुणाचं बिल माझ्या गळ्यात घालायलास रे?"

"अक्का, मीटर बरोबर हाय. रातभर चालू ठेवता का काय? कुणी खेळो न खेळो, मशीन वीज खातीच."

"रातच्याला भुतं खेळत्यात व्हय!"

कल्लप्पा गेला. रुद्रम्मानं मशिनी विकत मागणाऱ्या उदगीरच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. "उद्या टेंपो घेऊन या. तिन्ही नेऊन टाका." रंगमंचावर कितीतरी राज्यं बुडताना पाहिली, पण असं डोळ्यांदेखत कधी नाही.

दिवेलागणीला लिंगपूजा असते, म्हणून ती रोज लवकर घरी जाते. मागून दुकान बंद करते सून शैलश्री; सकाळी उघडतेही तीच. पोर म्हैसूरची, लग्नाला सव्वा महिना झालेला, मराठी अजून शिकते आहे. निघताना रुद्रम्मा नेहमीसारखं म्हणाली, "शैला, मशिनी वाढवून ये गं."

शैलश्री उठली. एकेका मशिनीचं बटण फिरवून तिनं दिवे अगदी लख्ख केले, जाळीचं शटर ओढलं आणि कुलूप लावलं.

मी ओरडलोच, "अगं! बंद कामून न्हाई केलीस?"

"अत्ते रोज वाढव म्हणतात की, अण्णा. मला वाटलं, बसमधल्या लोकांना दिसावं म्हणून."

माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. कोपऱ्यावरून रुद्रम्मा धावत परतली. जाळीआडचा लखलखाट बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

आमच्याकडे दुकानाला, दिव्याला 'बंद कर' म्हणत नाहीत, अशुभ असतं. 'वाढव' म्हणायचं आणि समोरच्यानं बंद करायचं. पण मी पोरीचीच बाजू घेतली. नाटकात 'दिवे वाढव' म्हटल्यावर आम्हीही उजेडच वाढवायचो!

शैलश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला शिवी द्या, अत्ते. मशिनी विकू नका."

"तुला कामून शिवी देऊ? जीभ माझी वाकडी," रुद्रम्मा म्हणाली. तिनं कुलूप काढलं, आत गेली. बटणावर हात ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाली, "बंद!"

तिन्ही मशिनी विझल्या. मग तिनं उदगीरला फोन लावला.

"टेंपो आणू नगा. मशिनी बिघडल्या न्हाईत. आमचं मराठी बिघडलं होतं."